एक टिंब आणि एक मोकळी जागा

मी एक सिनेमा बुडवला आहे. पैसे माझे नव्हते, कॅमेरा माझा नव्हता, नट माझ्या ओळखीचे नव्हते. मी फक्त एक टिंब दिलं आणि एक जागा मोकळी सोडली. 'होग' असं लिहायचं होतं, मी 'हो गं' असं लिहिलं. तेवढ्यावर सिनेमा आडवा झाला, आणि त्याच्याखाली माझी बायको आणि तिचा भाऊ दोन वर्षं अडकून पडले.

सिनेमा माझ्या मेहुण्याचा. सिनेमाचं नाव इथे देत नाही. दिलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार. मेहुणा सोलापुरात लग्नांचं शूटिंग करतो. या शहरातल्या कितीतरी नवरदेवांना त्याने जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं हळू चालायला लावलंय. आषाढात लग्नं नसतात, तेव्हा त्याने हा सिनेमा काढला, बारा दिवसांत. कुंभारीच्या कामगार वसाहतीत एक घर भाड्याने घेतलं. तिथली घरं एकसारखी. तिसऱ्या दिवशी मेहुण्याच्या माणसांनी शेजारच्याच घरात दिवे लावले, आणि त्या घरच्या बाईंनी काही न विचारता सगळ्यांना चहाही दिला. चूक कळली ती चहा पिऊन झाल्यावर.

आईचं काम करायला एक हौशी नटी मिळाली. बाई कुर्डुवाडीला रेल्वेत कारकून, रजा टाकून रोज सकाळच्या गाडीने यायच्या. बापाच्या कामाला निवृत्त चित्रकला शिक्षक. माझ्याकडून दोन घडीच्या खुर्च्या, एक चादर आणि माझं शुद्धलेखन. मी सरकारी कचेरीत टिपण्या लिहितो. कचेरीत माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा थोडा दरारा आहे, निदान मला तसं वाटतं.

गोष्ट अशी होती. सीमेवरच्या एका गावात आई, बाप, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा असं घर आहे. घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात. बापाला संशय येतो, की आपण नसताना घरात कोणीतरी येतं आणि वस्तू हलवतं. तो तांब्याभोवती खडूने गोल काढतो, उंबऱ्यावर दोरा बांधतो. संध्याकाळी येऊन बघतो तर तांब्या गोलाबाहेर. हळूहळू आपल्याला कळतं, की तांब्या आईच हलवते. कारण ज्या दिवशी काही हललेलं नसतं, त्या दिवशी बापाचा संशय बाहेरच्या माणसावरून उठून घरातल्यांवर येऊन बसतो. बाहेरचा चोर जिवंत ठेवला तर घरातले सुखरूप. हे मला वाचतानाच फार आवडलं होतं, शेवट तेवढा तेव्हा लिहायचा राहिला होता. अंगावर काटा आला होता, आणि तो आला हे मी मेहुण्याला दोनदा सांगितलंही होतं.

मग एका दुपारी मुलगी शाळेतून येते. दार आतून लावलेलं. बाहेर पायरीवर तिच्या कपड्यांची पिशवी ठेवलेली. ती दार वाजवते आणि कानडीत विचारते, "अव्वा, आराम अदी?" म्हणजे, आई, बरी आहेस ना? आतून एकच शब्द येतो. मुलगी पिशवी उचलते, आणि शहरात मावशीकडे निघून जाते.

तो शब्द होता 'होग'. शेवटचा ग पूर्ण म्हणायचा. कानडीत त्याचा अर्थ, जा.

आता माझी बाजू. मी कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला मराठी माणूस, आणि बायको अक्कलकोटच्या पलीकडची, घरी कानडी बोलणारी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला कानडी येतं ते दोन गोष्टींपुरतं. 'ऊटा आतेन' म्हणजे जेवलात का, आणि 'साकु' म्हणजे पुरे. सासुरवाडीला एवढ्यावर भागतं. न भागल्यास ताटात आणखी एक भाकरी पडते, एवढंच.

कानडी संवादांखाली मराठी ओळी द्यायच्या ठरल्या, तेव्हा मेहुण्याने मला वहीत सगळ्यांचा अर्थ लिहून दिला. हा एक शब्द वहीत नव्हता. मूळ संवाद लांब होता, शूटिंगच्या वेळी नटीबाईंनी म्हटलं की इतकं बोलणं बरोबर वाटत नाही, एकच शब्द म्हणते. म्हणून जुना संवाद वहीत आला नाही, आणि नवा शब्द लिहायचा राहिला. मेहुण्याला फोन करून विचारता आलं असतं. पण 'आराम' मला कळलं होतं. आई, बरी आहेस ना? त्यावर आतून उत्तर काय येणार? हो गं. वहीत नसलेला शब्द मी माझ्या कानाने लावला, याचा त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी आल्याचा चहा करून घेतला.

मेहुण्याने तपासलं नाही का? त्याने तपासलं, पण कानाने. ज्याला ऐकून कळतं तो खाली लिहिलेलं कशाला वाचेल? त्यातून शुद्धलेखन दाजींचं.

एका छोट्या सभागृहात दुपारचा एक खेळ झाला. आमची अख्खी सोसायटी मीच गोळा करून नेली. बायको तेवढी नव्हती, ती मुलीच्या कॉलेजच्या कामाला पुण्याला गेली होती. जाहिरातीवर अंधारातला अर्धा चेहरा होता, त्यामुळे लोक भूत बघायला आले होते. मध्यंतरात एकाने मला विचारलं, "भूत कधी येतंय?" मी म्हटलं, "नाही येत." तो घरी गेला. बाकीचे माझ्या भिडेखातर बसून राहिले. पुढे सिनेमा मोबाइलवर बघायची सोय झाली, तिथेही फारसं कोणी फिरकलं नाही. जे फिरकले त्यांचं एकच म्हणणं, बाकी ठीक आहे, शेवट पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही पटला नव्हता. आई बरी आहे म्हणते, तर मुलगी जाते कशाला? मेहुण्याला मी तसं बोललोही होतो. तो कॅमेऱ्याच्या कोनाबद्दल काहीतरी सांगत बसला.

बायको पुण्याहून आली, तिला जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. मी मागे बॅग घेऊन होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"तुमच्या भावाचा पिक्चर बघितला की," वहिनी म्हणाल्या. "चांगलाय. पण पोरगी लई निर्दय दाखवलीय हो. आई आतनं बरी हाय म्हणती, अन् ही खुशाल पिशवी उचलून मावशीकडं. धाकट्या भावाचा इचार नाही, काही नाही."

"हो का," बायको म्हणाली, आणि वर आली.

इथे एक सांगायला हवं. माझी बायको चौदा वर्षांची असताना सोलापूरला मावशीकडे शिकायला आली. धाकटा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा, तो मागे राहिला. त्या काळात माझ्या सासऱ्यांची तब्येत ठीक नव्हती. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने हे मला एका वाक्यात सांगितलं होतं, आणि परत कधी नाही. पुढे सासऱ्यांवर नीट उपचार झाले, ते चांगले झाले. मी पाहिले ते सासरे अगदी शांत गृहस्थ. जेवता जेवता फक्त विचारायचे, "दार लावलंय का?" मी उठून बघून यायचो. आता ते नाहीत, सासूबाईही नाहीत.

दोन दिवसांनी भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "त्याला असं वाटत होतं तर मला बोलायचं. सगळ्या सोसायटीला खुर्च्या मांडून कशाला सांगायचं?"

"असं म्हणजे कसं?"

"मी त्याला टाकून गेले म्हणून."

"अगं, मी बघितलाय की सिनेमा. तसं काही नाहीये त्यात."

"मग ती का जाते?"

 त्याचं उत्तर मीच खोडून टाकलं होतं, पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

आमच्या घरात भांडणं मोठ्या आवाजात होत नाहीत. दर रविवारी भावाला डबा जायचा, तो जात राहिला. त्यात शेंगाची चटणी असायची, ती बंद झाली. ज्याला सोलापूर माहीत आहे त्याला मी आणखी काही सांगायला नको. पंचमीला तो बहिणीला न्यायला आला, तर ही म्हणाली गुडघा दुखतोय. तो गेल्यावर तीच माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली. बोलणं सगळं माझ्यामार्फत. "त्याला सांगा, गॅसचं बुकिंग कर." "अक्काला सांगा, केलं." मी दोघांच्या मध्ये खिडकीवर बसलेल्या कारकुनासारखा, अर्ज इकडून घ्यायचा आणि तिकडे द्यायचा. सिनेमा तिने पाहिला नाही. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, तर म्हणाली, "मला माहितीय त्यात काय आहे ते."

दोन वर्षं अशी गेली.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक मांजर येते. आधी तिची आई यायची. मांजर ओट्याकडे बघत ओरडते आणि बायको तिच्याशी बोलते. सव्वीस वर्षं मी हे ऐकत आलोय. आमची ही वरून कडक दिसते पण मुक्या जनावरांशी फार मायेने वागते, असं मी पाहुण्यांनाही सांगितलेलं आहे. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी चहा घेत बसलो होतो आणि हे चाललं होतं. मी गमतीने विचारलं, "ती विचारते तरी काय, की तू सारखं हो गं, हो गं म्हणतेस?"

"कुणाला?"

"मांजरीला."

"हो गं कुठं म्हणते? होग म्हणते. जा, चालती हो."

"कानडीत?"

"मग काय इंग्रजीत हाकलू?"

मी बशी खाली ठेवली, ते बरं केलं. मांजर गेली. मी तसाच बसलो. डोळ्यांपुढे ते बंद दार, पायरीवरची पिशवी, आणि त्याखाली पांढऱ्या अक्षरात माझं सुवाच्य, शुद्ध, टिंब दिलेलं 'हो गं'.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि आंघोळ न करता स्कूटर काढली.

मेहुणा स्टुडिओत एका लग्नाच्या शूटिंगची जुळणी करत होता. पडद्यावर नवरदेव एक पाय उचलून थांबलेला. मी विचारलं, "दारामागून आई काय म्हणते रे?"

"होग."

"मी खाली काय लिहिलंय ते बघ."

त्याने सिनेमा उघडला, ती जागा काढली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खालची ओळ वाचली.  मग म्हणाला, "दाजी." एवढंच. परत थोड्या वेळाने म्हणाला, "लोकं मला विचारत्यात पोरगी अशी का दाखवली, आणि मी त्यांना कॅमेऱ्याचा कोन समजावतोय."

"मलाही समजावलास."

"अक्कानं हे वाचलं?"

"तिने सिनेमा बघितलाच नाही. तिला जिन्यात कळलं." मग वहिनी जे बोलल्या ते मी त्याला सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं. पण मी अर्ज इकडचे तिकडे देत होतो, आतलं वाचत नव्हतो.

त्याने हेडफोन काढून ठेवला. "मला वाटलं, घरातलं बाहेर मांडलं म्हणून रागावली," तो म्हणाला. "मी तिला टाकून गेलीस म्हणीन का? दाजी, त्या दिवशी मी आत होतो, अव्वाजवळ. अक्का बाहेर होती. तिनं फक्त दार बघितलं. मी अव्वाला बघितलं. तिनं बघितलं नाही ते तिला दाखवायचं होतं, बास. नाहीतर मला कुठं सिनेमा येतोय, मी लग्नवाला माणूस."

मग त्याने 'हो गं' पुसलं आणि 'जा' लिहिलं. माझ्याकडे वळून विचारलं, "पूर्णविराम देऊ का?"

मी म्हटलं, "दे." माझी तेवढी इज्जत त्याने ठेवली.

बायकोला सांगणं हे त्याहून अवघड. ती जमिनीवर सुपात शेंगदाणे घेऊन निवडत बसली होती. मी समोर खुर्चीवर बसलो आणि कचेरीत टिपणी सादर करतात तसं सांगितलं. आधी विषय, मग संदर्भ, मग चूक कोणाची. ती ऐकत होती, हात चालू होते. माझं संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे सव्वीस वर्षं मी मांजरीला हो गं म्हणतेय असं वाटत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि पाहुण्यांना सांगत होता."

"हो."

तिने खवट दाणे बाजूला काढले. दोन मुठी दाणे निवडून झाले असतील. मग म्हणाली, "लावा."

रविवारची दुपार होती. उन्हामुळे पडदे ओढलेले. मी टीव्हीवर सिनेमा लावला आणि तिच्यापासून जरा लांब बसलो. पहिली दहा मिनिटं ती दाणे निवडत बघत राहिली. मग चुका काढायला लागली.

"खडू नव्हता. गेरू होता."

थोड्या वेळाने, "अव्वा चुलीसमोर अशी बसायची नाही. पाय दुमडून बसायची."

नंतर, बाप ओरडतो तिथे, "अप्पा असे ओरडत नव्हते. हळू बोलायचे. त्याचीच भीती वाटायची."

आई तांब्या हलवते ते आलं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "हे यानं कुठनं काढलं कोणास ठाऊक. पण करू शकली असती." पुढे एकदा हसलीही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे आमच्या घरची चादर दिसत होती. "म्हणून ही सापडत नव्हती होय," म्हणाली.

मग ती दुपार आली. मुलगी येते, पिशवी बघते, दार वाजवते. इथे कॅमेरा आत जातो. आई दाराला पाठ लावून उभी आहे. एक हात मागे कडीवर, उघडायला नाही, उघडली जाऊ नये म्हणून. बाहेरून हाक येते. आई डोळे मिटते आणि म्हणते, "होग." खाली माझी दुरुस्त झालेली ओळ आली. जा. पावलं लांब जात राहतात, ती ऐकत उभी राहते. पावलं ऐकू येईनाशी झाली तरी तिचा हात कडीवरच असतो. बराच वेळ. पूर्वी इथे मी कंटाळून सोसायटीच्या लोकांकडे बघत होतो.

सुपातले हात थांबले होते.

"दोनदा म्हणाली होती," बायको म्हणाली.

मी सिनेमा थांबवला.

"एकदा जोरात. मग मी अंगणापर्यंत गेल्यावर परत एकदा, हळू. त्याला वाटलं असेल मी गेले, मला ऐकू नाही आलं. मला आलं होतं." ती पडद्यावरच्या हाताकडे बघत होती. "मला इतकी वर्षं वाटायचं, ती दाराजवळ नसेल. आत कुठंतरी बसून सांगितलं असेल."

मी रिमोट उचलला. ती म्हणाली, "राहू दे जरा." म्हणून तो हात तसाच राहिला पडद्यावर. बाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.

उरलेला थोडासा सिनेमा तिने एकही चूक न काढता पाहिला.

संपल्यावर ती उठली, दाणे भाजायला टाकले. खरपूस वास सुटला. मग गॅस बंद करून तिने फोन घेतला आणि भावाला लावला. माझ्या हाती दिला नाही, स्वतःच बोलली. सगळं कानडीत. मी भिंतीला टेकून ऐकत होतो, म्हणजे मला फक्त आवाज ऐकू येत होता. 'गेरू' ऐकू आलं. 'चादर' ऐकू आलं. 'होग' दोनदा ऐकू आलं, एकदा जोरात आणि एकदा हळू.  मग ती काहीतरी बोलली आणि दोघंही हसायला लागली, आणि हसताना ती माझ्याकडे बघत होती, त्यावरून विषय कोणता ते मला कळलं. मग तिने पदराने नाक पुसलं आणि आणखी काहीतरी बोलली, अगदी खालच्या आवाजात. त्यातला एकही शब्द मला कळला नाही.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "शेवटी काय म्हणालीस त्याला?"

ती दाणे चोळून सालं उडवत होती. म्हणाली, "नाही सांगत. तुम्ही ते लिहून काढाल, आणि मग परत दोन वर्षं त्याला चटणी मिळायची नाही."